एका संशयी कानाचं पोस्ट-रॉक

आकाशकंदील उतरले, सकाळच्या बसमध्ये खिडक्या बंद व्हायला लागल्या आणि चाकणच्या बाजाराकडून कांद्याचा वास यायला लागला, की आमच्या कंपनीत मेडिकलचा सीझन येतो. यंदाचा परवा आला. कँटीनच्या मागे पांढरी व्हॅन उभी राहिली, नोटीस बोर्डावर खात्याप्रमाणे नावं लागली आणि एरवी एकमेकांच्या अंगावर ओरडून बोलणारी माणसं दबक्या आवाजात बोलायला लागली. रक्त, लघवी, छातीचा फोटो यांना इथं कोणी भीत नाही. भीती असते ती कानाच्या तपासणीची.

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. बायको, मंगल, म्हणते की दूधवाल्यानं पाणी घातलं नाही तर का घातलं नाही याचा हा माणूस दिवसभर विचार करील. पण संशय हा माझा धंदाच होता. आमची निघोज्याची जमीन एमआयडीसीत गेली, मी कंपनीत लागलो आणि वीस-बावीस वर्षं गिअरबॉक्स ऐकत बसलो. जोडून झालेला गिअरबॉक्स माझ्या काचेच्या खोलीत यायचा. मोटर त्याला हळूहळू फिरवायची, मी एकेक गिअर टाकत जायचो आणि ऐकायचो. चांगल्या गिअरबॉक्सला आवाजच नसतो असं नाही, त्याचा एक भरीव, सलग आवाज असतो. त्यात टकटक आली, घरघर आली, की तो परत. सगळ्यात वाईट ती बारीक कुई. डास कानाशी यावा तशी, वरच्या पट्टीत. ती आली तर लाल चिठ्ठी, नाही आली तर हिरवी. समोरचा प्रत्येक गिअरबॉक्स खोटं बोलतोय असं धरूनच मी स्टुलावर बसायचो.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मात्र खोटं बोलणारा मीच होतो.

झालं असं होतं की त्याआधीच्या वर्षी निघोज्याच्या घरी गेलो असताना संध्याकाळी अंगणात बसून मी मंगलला म्हणालो होतो, "बघ, कंपन्यांनी रातकिडेबी घालवले." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अहो, केव्हाचे किरकिरतायत." मी विषय बदलला. नंतर माझ्या लक्षात आलं की कुई ऐकण्याऐवजी मी आजकाल गिअरबॉक्सवर तळहात ठेवतो आणि बोटांना जे लागतं त्यावर चिठ्ठी लावतो. बहुतेक वेळा बरोबर यायचं. बहुतेक वेळा.

मग व्हॅनमधली तपासणी मी दर वर्षी पास कशी व्हायचो? त्याची एक रीत होती. व्हॅनमध्ये एक बंद खोकं असतं. कानाला हेडफोन लावून तुम्ही आत बसायचं, हातात एक बटन. बारीक शिट्टी ऐकू आली की बटन दाबायचं. समोर काच, काचेपलीकडे तपासणारा. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचे बबनराव, ज्यांना स्वतःच्या घरातला टीव्ही ऐकू येत नाही पण शेजाऱ्यांना येतो, त्यांनी मला कितीतरी वर्षांपूर्वी शिकवून ठेवलं होतं. "नाना, कान लावू नको, डोळे लाव. त्यो शिट्टी सोडताना त्याचं कोपर हलतंय. कोपर हललं की दाब." अर्धी कंपनी अशी पास व्हायची. तपासणीतला ऐकण्याचा आलेख खाली गेला की माणूस लाइनवरून उचलून पॅकिंगला टाकतात, आणि पॅकिंगला गेलेल्या माणसाला कोणी काही विचारायला येत नाही. मला रोज पन्नास लोक विचारायला येत होते. नाना, हा ऐका. नाना, एवढा ओके करा. ती जागा गेली तर मी कोण, हा प्रश्न मला पडायला लागला होता आणि त्याचं उत्तर मला नको होतं.

अशात प्रणिता आली. लातूरकडची इंजिनिअर. संत तुकाराम नगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. मीही तिथलाच, म्हणजे आमचा बसचा थांबा एकच. तिनं माझ्या खोलीत माइक लावले, लॅपटॉप मांडला. आता मशीन ऐकणार होतं. मॅनेजर म्हणाले, "अनुभवी माणसाच्या मदतीनं." मी मनात म्हणालो, ज्याच्या मदतीनं मशीन बसवतात, मशीन बसल्यावर त्यालाच उठवतात.

"काका, तुमी फक्त चांगला का खराब एवढं सांगायचं," ती म्हणाली. "मशीन तुमच्याकडनं शिकणार बघा."

"आन शिकल्यावर?"

"शिकल्यावर तुमी निवांत की."

तो निवांत मला अजिबात आवडला नाही. पोरगी गोड बोलते याचाच अर्थ तिला कोणीतरी पाठवलंय, असं मी धरून चाललो.

मग तो बसचा प्रकार झाला. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला, बाहेर नदीवर धुकं, आत चाळीस माणसं जॅकेटमध्ये तोंड खुपसून पेंगलेली. मला मागून एक आवाज यायला लागला. जाडा, खालच्या पट्टीतला, सलग. मिनिटागणिक वाढत होता. असले आवाज माझ्या कानातून सुटत नव्हते. मी उठून ड्रायव्हरकडे गेलो. "दत्ता, मागच्या चाकाचं बेअरिंग चाललंय. गाडी बाजूला घे." दत्तानं माझ्या कानावर विश्वास ठेवून भर ट्रॅफिकमध्ये गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं खाली उतरलो. मी चाकाच्या मध्यावर हात ठेवला, तर थंडगार. गाडी बंद, चाक बंद आणि आत आवाज चालूच. वर चढलो तर त्यात ड्रम वाजायला लागले होते. प्रणिता गाढ झोपली होती, तिच्या इअरफोनचा आणि मोबाइलचा संबंध कधीच तुटला होता आणि ते बेअरिंग तिच्या पर्समध्ये वाजत होतं.

पुढे महिनाभर मला बघितलं की लोक चाकावर हात ठेवून दाखवायचे.

"हे गाणं हाय?" मी त्या दिवशी तिला विचारलं.

"पोस्ट-रॉक म्हणतात काका याला," ती शरमून म्हणाली. "पण यात गाणारं कुणी नसतंय शक्यतो."

गाणारं कोणी नाही, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, हा माझा पहिला विचार. नावही तसंच. रॉकच्या नंतरचं. कशाच्या तरी नंतरचं एवढंच ज्याचं नाव, त्याला स्वतःचं काही नसणार. प्रणितानं सांगितलं की नाव लिहिणाऱ्यांनी ठेवलंय, वाजवणाऱ्यांना ते फारसं आवडत नाही. नव्वदच्या दशकात तिकडे अमेरिकेत, इंग्लंडात काही मंडळींनी रॉकचीच वाद्यं घेतली, गिटार, बास, ड्रम, आणि त्यांच्याकडून रॉकचं काम करून घ्यायचं नाही असं ठरवलं. गिटारवर तान घेऊन टाळ्या मिळवायच्या नाहीत. मुखडा नाही, अंतरा नाही, परत परत येणारी ओळ नाही. चार सूर घ्यायचे आणि तेच धरून बसायचं. त्यावर दुसऱ्या गिटारचा एक थर, मग तिसरा, प्रतिध्वनीत भिजवलेला, कधी गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवून काढलेला. आठ मिनिटं, बारा मिनिटं, कधी वीस. हळूहळू सगळं भरत जातं, मग एका क्षणी बांध फुटल्यासारखं अंगावर येतं आणि ओसरतं.

मी म्हणालो, "म्हणजे गिअरबॉक्सच. पहिला, दुसरा, तिसरा."

ती हसली. "पण काका, इथं चूक शोधायची नसती."

चूक शोधायची नाही तर ऐकायचं कशाला, हे मला खरोखर कळत नव्हतं. नवीन ऐकणाऱ्याला म्हणून सांगतो, पहिल्यांदा राग येतो. आपल्या कानाला लहानपणापासून सवय लागलेली असते की दोन-चार क्षणांत कोणीतरी शब्द बोलेल आणि आपण सुखी व्हायचं की दुःखी ते सांगेल. इथं कोणी सांगत नाही. तीन मिनिटं झाली तरी वाटतं, हे अजून वाद्यं जुळवतायत. वेळ काढून आपल्याला फसवतायत असा वहीम येतो. तो अगदीच खोटा आहे असंही नाही. प्रणितानंच कबूल केलं होतं की यात नकला करणारे भरपूर आहेत. हळू सुरू करायचं, मग धडाधड वाजवायचं, एवढं जमलं की झालं असं समजणारे. खरं कोणतं आणि नक्कल कोणती हे ओळखायचं कसं, विचारलं तर म्हणाली, "जे खरं असतंय ना, त्यात पुढचा आवाज येईपर्यंत थांबू वाटतंय." हे काही मोजमाप नव्हे. पण चार वर्षांनी सांगतो, माझ्याकडेही याहून चांगलं नाही.

तिनं रोज सकाळी इअरफोनचा एक बोंडा मला द्यायला सुरुवात केली. बसमधल्या लोकांना गंमत वाटायची. मला मात्र घाम फुटायचा. एका पीसबद्दल ती म्हणाली, "हे सुरू होतंय ना, तवा लांबून एक बारीक घंटी येती. लईच बारीक. मग गिटार." आणि माझ्याकडे बघत राहिली. मला काहीच येत नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही कान तपासतेय. घंटीबिंटी काही नाही, किंवा आहे, पण दोन्हीकडून मीच सापडणार.

मी बबनरावांची रीत वापरली. कान सोडले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. तिच्या भुवया वर गेल्या की मी मान हलवायची. तिनं डोळे मिटले की मी "वा" म्हणायचं. नाशिक फाट्यापासून कुरुळीपर्यंत मी असं संगीत ऐकलं, आठवडाभर. ती खूश होती. म्हणाली, "काका, आमच्या घरी कुणालाच आवडत नाही हे. बाबा म्हणतात मिक्सर लावलाय का. तुमी पहिले बघा." आणि तरी मी विचार केला, ही असं का बोलतेय?

मग थंडी वाढली आणि तिनं स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली. आपल्याकडच्या पोरी गुंडाळतात तसा, डोळे सोडून सगळं बंद. त्यात ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला तिचे डोळेही दिसेनात. कानात शांतता होती. मी हिशेब केला, हा हळू भाग असणार, लांबलेला दिसतोय. अधूनमधून मान हलवली. चिंबळी फाट्यावर गाडी अडकली तेव्हा मी म्हणालो, "हे आजचं लई खोल हाय."

ती वळली. "काका, मोबाइल कवाचा बंद पडलाय. चार्जिंग संपली मोशीतच."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. तीही हसली, मनापासून हसली, म्हणाली, "होतंय असं, पोस्ट-रॉकमध्ये मलाबी कळत नाही कदी कदी, संपलंय का चालूय." तिला त्यात विनोदापलीकडे काही दिसलं नाही. मला तेव्हा वाटलं, दिसलंय आणि ती लपवतेय. संशयी माणसाची हीच गोची असते. त्याला साधं माणूस ओळखताच येत नाही.

त्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत स्क्रीनवर रेघा दाखवत होती. पाच आठवड्यांत मी लावलेल्या लाल-हिरव्या चिठ्ठ्या तिनं एकेका आवाजाला जोडल्या होत्या. खोलीत गिअर ऑइलचा तो गोडसर वास, पंख्याची घरघर, आणि ती उत्साहानं बोलत होती. "हे बघा, तुमी हिरवी दिली तसं मशीन हिरवी देणार. तुमचा कानच मशीनमध्ये गेला म्हणा की. तुमी रिटायर झाला तरी तो इथंच."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. माझा कान इथंच राहणार होता. रातकिडे न ऐकणारा कान. मी सोडलेली प्रत्येक कुई आता मशीनही सोडणार होतं, वर्षानुवर्षं, रोजचे शेकडो गिअरबॉक्स. आणि त्याला तर तळहातही नव्हता. इतके दिवस मी घाबरत होतो की ही पोरगी माझी जागा घ्यायला आलीय. ती माझ्यावर सगळं काम उभं करत होती, आणि पाया पोकळ होता हे एकट्या मला माहीत होतं. मला लाज वाटली. साधी, गरम, कानशिलं तापवणारी लाज.

तरी मी तिला काही बोललो नाही.

दोन दिवसांनी व्हॅनला माझा नंबर लागला. आत शिरलो. तोच तपासणारा, तीच काच, तेच कोपर. हेडफोन लावला, हातात बटन घेतलं आणि डोळे सवयीनं कोपरावर गेले. ते हललं. मी दाबलं. पुन्हा हललं. अंगठा पुढे झाला आणि मी थांबलो. स्टूल फिरवलं आणि काचेकडे पाठ करून बसलो.

हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "काका, इकडं तोंड करा ना."

"असंच घे," मी म्हणालो.

मग शांतता. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पहिल्या काही शिट्ट्या आल्या, जाड्या, ओळखीच्या. त्यांना दाबलं. नंतर काही नाही. त्याचं कोपर मागे हलत असणार, मला ते पाठीला जाणवत होतं, पण कानात काही नाही. दाबायची इतकी इच्छा होत होती की अंगठा मी बटनाच्या कडेला दाबून धरला. अंदाजानं दोन-चार दाबली असती तरी निभावलं असतं. मी डोळे मिटले आणि जे येईल त्याची वाट बघितली. सकाळच्या बसमध्ये आठवडाभर मी जे करायला हवं होतं ते.

बाहेर आल्यावर त्यानं आलेख दाखवला. रेघ थोडा वेळ सरळ जाऊन मग घाटातून उतरावी तशी उतरली होती. "गेल्या वर्षी तर फर्स्ट क्लास होतं हो. वर्षात काय झालं?"

"वर्षात न्हाई झालं," मी म्हणालो, "लई वर्षांत झालंय."

तिथून मी सरळ प्रणिताकडे गेलो आणि सगळं सांगितलं. रातकिडे, तळहात, कोपर, तिच्या भुवया. ती मोठ्या मनानं माफ करील अशी माझी अपेक्षा होती, हेही कबूल करतो. तिनं केलं नाही. "पाच आठवडे काका," ती म्हणाली. "सगळं फेकून द्यावं लागंल. मी साहेबांना काय सांगू? आन बाहेर गेलेत ते गिअरबॉक्स?" तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं तुमाला खरंच आवडायलंय." ते शेवटचं वाक्य मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

आठवड्यात मी डिस्पॅचला गेलो, म्हणजे पॅकिंगलाच. मोठी शेड, शटरमधून येणारं ऊन, खोक्यांवर पट्ट्या आवळायच्या. अंदाज खरा होता, तिथं कोणी विचारायला येत नाही. माझ्या स्टुलावर एक तरुण बाई बसायला लागली आणि प्रणितानं पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या हिरव्या चिठ्ठीचे गिअरबॉक्स गोदामात होते तेवढे परत ऐकले गेले. त्यातले काही लाल निघाले. किती, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. बबनराव आठवडाभर बोलले नाहीत. मग एकदा कँटीनमध्ये समोर बसून म्हणाले, "नाना, पुढच्या साली आमाला समद्यांना पाठ करून बसवत्यात बघ तुझ्यापायी." तसंच झालं.

मशीन आता आहे. चांगलं ऐकतं म्हणतात. मी शेजारून जाताना त्याच्याकडे अजून संशयानंच बघतो, सवय जात नाही. पण पोस्ट-रॉकवरचा माझा संशय कमी झालाय. डिस्पॅचच्या जेवणाच्या सुट्टीत मी एक पीस लावतो, पुरा, मध्ये मोबाइल न बघता. कोणी नव्यानं ऐकणारं असेल तर एवढंच सांगीन की लहान पीसनं सुरुवात करू नका, फसगत होते. लांबचंच घ्या. काहीतरी होईल म्हणून ताटकळू नका आणि आवडल्यासारखं करू नका. नाही आवडलं तर नाही आवडलं. याला शब्द नाहीत, म्हणून याच्याबद्दल खोटं बोलणं फार सोपं आहे. जे येतं तेवढं घ्या. मला वरचं काही येत नाही, पण खालचं सगळं येतं, आणि बास सुरू झाला की छातीच्या फासळ्यांत जे होतं ते तिशीतल्या कानवाल्यांना होत असेल का याची मला शंका आहे.

त्या हिवाळ्यात प्रणिता दोन महिने बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसायची. मी तिच्याकडे बघायचोही नाही. मग फेब्रुवारीत, थंडी ओसरून लोकांनी जॅकेटं घरी ठेवली तेव्हा, एका सकाळी ती मागे आली, माझ्या शेजारी बसली आणि इअरफोनचा बोंडा पुढे केला.

मी घेतला नाही. "आता कशाला?" मी विचारलं. "आता माझ्या कानाचा कंपनीला काय उपेग हाय?"

"कंपनीला नसंल," ती म्हणाली. "घ्या. नवीन आहे, मीबी अजून ऐकलं नाही."

मी कानात घातला. खिडकीबाहेर भोसरी मागे गेली. कानात काही नव्हतं. मी तिच्याकडे न बघता समोरच्या सीटच्या रेक्झिनकडे बघत राहिलो.

"सुरू झालंय का?" मी विचारलं.

"झालंय की. काय यायलंय का?"

"न्हाई."

"बरं. आलं की सांगा."

मोशीचा चौक आला, सिग्नल लागला, सुटला. कोणी हसत नव्हतं आणि कोणाचं कोपर हलत नव्हतं. पुलावर गाडी चढली तेव्हा कुठेतरी फार खाली, कानापेक्षा छातीतच जास्त, एक सूर हलला. मी क्षणभर थांबलो, खात्री केली.

"आलं," मी म्हणालो.